‘ख्रिस्ती राहूनही सायंटॉलॉजी शिकता येते’ या दाव्याविषयी

मराठवाड्यातील ख्रिस्ती तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरत आहे. एल. रॉन हबर्ड यांनी अमेरिकेत सुरू केलेली सायंटॉलॉजी हा धर्म नसून मनाचे शास्त्र आहे, तिच्यातही क्रूस आहे, तिची ‘ऑडिटिंग’ नावाची प्रश्नोत्तरांची बैठक म्हणजे आपली पापकबुलीच आहे, म्हणून बाप्तिस्मा झालेल्या माणसाने ती शिकण्यात काहीच वावगे नाही, असा त्याचा आशय आहे.

यातील पहिले विधान खुद्द सायंटॉलॉजीलाही मान्य होणार नाही. हबर्ड यांचे ‘डायनेटिक्स’ १९५० साली मनोपचाराची पद्धत म्हणून पुढे आले हे खरे; परंतु १९५३ साली न्यू जर्सीत ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ची नोंदणी झाली आणि धार्मिक संस्था म्हणून करमाफी मिळावी यासाठी अमेरिकेच्या कर खात्याशी चाललेला तिचा दीर्घ झगडा १९९३ साली तिच्या बाजूने मिटला. स्वतःला धर्म म्हणवून घेण्यासाठी इतकी वर्षे झुंजलेल्या संस्थेला तिच्याच प्रचारकांनी नुसते शास्त्र म्हणावे, हे नवल आहे.

क्रूसाचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. सायंटॉलॉजीच्या क्रूसाला आठ टोके असून ती हबर्डप्रणीत आठ ‘डायनॅमिक्स’ची, म्हणजे जगण्याच्या आठ प्रेरणांची, खूण आहे. कालवरीच्या वधस्तंभाशी तिचा संबंध नाही.

पापकबुलीची तुलना मात्र अधिक फसवी आहे, कारण वरवर दोन्हीकडे एक माणूस बोलतो आणि दुसरा ऐकतो. ऑडिटिंगमध्ये बसलेल्याच्या दोन्ही हातांत धातूचे एकेक नळकांडे असते, त्यांतून ई-मीटर नावाच्या यंत्राचा अगदी सौम्य विद्युतप्रवाह जातो, आणि समोरचा ऑडिटर प्रश्न विचारत काट्याची हालचाल पाहून नोंदी लिहीत जातो; त्या नोंदी त्या व्यक्तीच्या फाइलमध्ये जपल्या जातात. मनात साठलेले जुन्या आघातांचे ठसे, ज्यांना तेथे ‘एन्ग्रॅम’ म्हणतात, पुसून ‘क्लिअर’ होणे हे त्याचे उद्दिष्ट असते. या सगळ्यात ज्याचा अपराध केला त्या देवापुढे उभे राहणे नाही, आणि म्हणून क्षमाही नाही. कॅथलिक धर्मगुरूला ऐकलेल्या पापाचा एक शब्दही बाहेर काढता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत तर माणूस थेट प्रभूजवळच कबुली देतो. या दोहोंपैकी कोठेही फाइल नसते.

आता पैशाचे. सायंटॉलॉजी पैसे घेते या आक्षेपाला ‘तुमच्या चर्चमध्येही थैली फिरतेच की,’ असे उत्तर मजकुरात आधीच देऊन ठेवले आहे. आपल्याकडे सुगीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी अंडी, कोणी कोंबडी. त्यांचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामी लागते. मात्र ज्याचे सोयाबीन पावसाने गेले आणि जो रिकाम्या हाताने आला, त्याला पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या पंगतीतून उठवत नाहीत. सायंटॉलॉजीत ऑडिटिंगसाठी ठरावीक रक्कम घेतली जाते, आणि घेतलेल्याच्या बदल्यात काही दिलेच पाहिजे अशी हबर्ड यांची शिकवण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, ही देयके सेवेच्या मोबदल्याची असल्यामुळे त्यांवर देणगी म्हणून करसवलत मागता येणार नाही, असा निकाल दिला होता. पुढे १९९३ च्या समझोत्याने करापुरती परिस्थिती बदलली, पण ख्रिस्ती माणसाची अडचण कराची नाहीच. शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैशाने मागितले तेव्हा पेत्राने त्याला किती कडक शब्दांत झिडकारले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे.

सायंटॉलॉजीच्या शिकवणीतील झेनू नावाच्या अंतराळातील राज्यकर्त्याची कथा सांगून सायंटॉलॉजीची टर उडवणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. खरा भेद ‘थेटन’ या कल्पनेत आहे. माणूस मुळात अमर आत्मा, म्हणजेच थेटन, आहे, त्याने अनेक देह धारण केले आणि आपले सामर्थ्य तो विसरला, असे ही शिकवण मानते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची भाषा कानावर असलेल्या आपल्या भागात हे ओळखीचे वाटते, आणि म्हणूनच ते चटकन पटते. पण माणूस एकदाच मरतो व नंतर न्याय, असे इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात म्हटले आहे, आणि प्रेषितांच्या मतांगिकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास व्यक्त करतो. शिवाय माणसाची अडचण विस्मरण हीच असेल तर त्याला आठवण करून देणारा पुरेल. ख्रिस्ताच्या मरणाची गरजच उरत नाही. तारणाऱ्याला असे अनावश्यक ठरवणारी शिकवण बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेल्या कबुलीसोबत कशी नांदणार, याचा उल्लेखही त्या मजकुरात नाही.