गाडी हवा खातेय

नाशिकमध्ये गाडी बिघडली की मेकॅनिकच्या आधी नातेवाईक पोचतात. आमची गाडी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आरपीएमचा काटा खालीवर नाचायचा आणि हिरवा लागल्यावर रेस दिली की आधी एक उचकी, मग पिकअप. त्या उचकीएवढ्या वेळात मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा व्हायचा.

सासऱ्यांचं मत, पेट्रोलमध्ये रॉकेल. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, प्लग बदल. (आमचा मिक्सर बिघडला तेव्हाही त्यांनी हेच सुचवलं होतं.) मी इथेनॉलचं नाव काढलं, तर निफाडचे मामा उखडले, "आमच्या उसाला नावं ठेवू नकोस!" आता उसाचा संबंध अगदीच नसतो असं नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा थोडी कमी आणि इंधन थोडं जास्त लागतं. पण तेवढा फरक गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, भरून काढतो. शिवाय तेच पेट्रोल पिऊन अख्खं गाव धावत होतं. हे मामांना सांगायची माझी टाप नाही.

चकचकीत सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त, पेट्रोल कमी. "ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल सर," असं म्हणत त्याने एस्टिमेट पुढे केलं. आकडा बघून माझाच ऑक्सिजन कमी झाला. सायलेन्सरच्या वाटेवर बसून उरलेला ऑक्सिजन हुंगणं एवढंच त्या सेन्सरचं काम. तो इमानदारीत तक्रार करत होता आणि हे त्यालाच घरी बसवायला निघाले होते.

शेवटी सातपूरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. सौ. सोबत होती. मिस्त्रीने स्कॅनर लावला, पण कोडकडे ढुंकूनही बघितलं नाही. फ्युएल ट्रिम उघडलं. आयडलिंगला प्लस बावीस, म्हणजे ईसीयू बिचारा बावीस टक्के जादा पेट्रोल ओतत होता. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं, तर आकडा उतरून पाचावर आला.

"पेट्रोल ढकलणारा पंप कमजोर असता, तर रेसवर आकडा वाढला असता. ही हवा खातेय साहेब."

लग्नाच्या पंगतीत दारावर पानं मोजायला माणूस बसवावा आणि वऱ्हाडाने मागच्या दाराने शिरावं, तसा हा प्रकार. आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी बसतो. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, त्या हिशेबाने मोजलेल्या हवेला ईसीयू पेट्रोल वाढतो. सेन्सरच्या पुढे कुठून हवा घुसली तर ती हिशेबातच नसते. आयडलिंगला मुळात हवा थोडी, त्यात ही चोरटी हवा चांगलीच जाणवते. रेसवर ती गर्दीत हरवते.

मग त्याने क्लीनरचा स्प्रे घेतला आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरच्या, एकेका नळीच्या सांध्यावर जरासा फवारला. (क्लीनर पेट घेतो, तेव्हा गरम इंजिनवर हा उद्योग घरी करू नये.) एक नळी, दुसरी नळी, काही नाही. पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळीपाशी फवारा गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला, थरथर क्षणभर थांबली. नळी वरून धडधाकट. मिस्त्रीने ती काढून अंगठ्याने वाकवली, तर पोटाकडून बोटभर चीर उघडली. रबर इतकं कडक झालेलं की वाकवताना कटकट वाजलं.

नवी नळी बसली, कोड पुसला, त्र्यंबक रोडला एक चक्कर मारून आलो. ट्रिम प्लस दोन.

नळीची किंमत किरकोळ होती. बिलात मोठा आकडा मजुरीचा, म्हणजे मुख्यतः शोधण्याचा. मी घासाघीस न करता पाकीट काढलं.

सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "अहो, बरं वाटतंय ना?"