"टेस्टिंगआधी मुलाची प्रॅक्टिस करून घ्या" म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात परत तो मेसेज आला. आधी वाड्यावरच्या बायकांच्या ग्रुपवर, मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि रात्री माझ्या नणंदेने म्हापशाहून पाठवला, "वहिनी, हे खरं काय गे?" असं विचारून. तिच्या मुलीची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, म्हणून तिला एकटीला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठीच लिहिते.

ज्यांनी वाचला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. अभ्यासाच्या अडचणीसाठी मुलाला सायकॉलॉजिस्टकडे टेस्टिंगला न्यायचं असेल तर महिनाभर आधी यूट्यूबवरच्या आयक्यू टेस्ट सोडवून घ्या, कुठे जातोय ते मुलाला सांगू नका, चांगल्यातल्या चांगल्या वह्या न्या आणि घरातलं काही बोलू नका, आयक्यू नॉर्मल आला तर मूल आळशी आहे असं समजा, मराठी मीडियमच्या मुलांचा प्रॉब्लेम फक्त इंग्लिशचा असतो त्यामुळे त्यांना हे लागूच नाही, आणि रिपोर्ट झाला की तो शाळेच्या दाखल्यावर चढतो नि जन्मभर पाठ सोडत नाही. एवढं सगळं त्यात आहे.

मी डॉक्टर नाही, फोंड्याची एक आई आहे. माझ्या मुलाचं, बाबूचं, टेस्टिंग तो चौथीत असताना झालं, आता तो आठवीत आहे. यातली एक चूक मी स्वतः केलीय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं ते प्रॅक्टिसचं. ही टेस्ट म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आपल्याकडे मुलांसाठी वापरतात त्यातली एक मिसिक, ती वेक्सलर नावाच्या सायकॉलॉजिस्टच्या टेस्टवरून नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतातल्या मुलांसाठी केलेली, आणि आता विस्कची, म्हणजे वेक्सलरच्याच मुलांसाठीच्या टेस्टची, भारतीय आवृत्तीपण बरेच जण वापरतात. दोन्हींत आकडा कसा काढतात, तर त्याच वयाच्या शेकडो मुलांनी तेच प्रश्न पहिल्यांदा बघून कसे सोडवले त्याच्याशी तुमच्या मुलाची तुलना करून. १०० म्हणजे बरोबर मधलं, आणि तीनातली साधारण दोन मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. आता तुमच्या मुलाने तसलेच प्रश्न महिनाभर घोटले असतील तर आकडा वर जाईल, पण मूल आहे तिथेच राहील. तीच टेस्ट वर्षभराच्या आत परत सहसा घेत नाहीत ती याचसाठी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथे तो खरंच अडखळतो, म्हणजे ऐकलेले आकडे लक्षात ठेवणं असो की भराभर चिन्हं उतरवणं असो, तेच झाकलं जातं, आणि तेच शोधायला तर आपण एवढी फी भरून, कामावर रजा टाकून गेलेलो असतो ना.

टेस्ट घेणाऱ्या मॅडम नुसतं बरोबर-चूक बघत नाहीत हेपण मला तेव्हाच कळलं. बाबू ठोकळे जुळवताना कुठल्या कोपऱ्यापासून सुरू करतो, चुकला तर मोडून परत लावतो की हात मांडीवर घेऊन बसतो, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतो का, हे सगळं त्या कागदावर टिपत होत्या. घोटून आलेल्या मुलाचं यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही आधीच काही सोडवून घेतलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, लपवू नका.

खरी तयारी फार साधी आहे. डोळे आणि कान आधी तपासून घ्या, कारण फळा दिसत नाही म्हणून चुकणारं मूल वेगळं. चष्मा असेल तर घालून न्या. कसलं औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. रात्री वेळेत झोपवा, सकाळी पोटभर खाऊ घाला, आमच्या घरी पातळभाजी-पाव. ताप-सर्दी असेल तर फोन करून दिवस बदलून घ्या.

मुलाला सांगू नका, हा मुद्दा. ही माझी चूक. मी बाबूला म्हटलं पणजीला आइसक्रीम खायला जाऊया. कदंबाच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून मजेत होता. आणि आत गेल्यावर टेबल, पेन्सिल, घड्याळ नि एक अनोळखी बाई बघितल्यावर त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पहिली वीस मिनिटं तो बोललाच नाही. मॅडमनी शेवटी टेस्ट बाजूला ठेवली, त्याच्याशी फुटबॉलवर बोलल्या, आणि त्या दिवशीचं सेशन तेवढ्यावरच संपवलं. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आई, हांव पास जालों?" (मी पास झालो?) म्हणजे मी सांगितलं नाही तरी त्याने स्वतःच ठरवलं होतं की ही परीक्षा आहे आणि आपण नापास होणार. न सांगितल्याने भीती गेली नाही, उलट त्याला ती एकट्याने सोसावी लागली.

दुसऱ्या वेळी मी आदल्या रात्री जवळ बसवून सांगितलं. "तुला वाचताना फार त्रास होतो ते मला माहीत आहे, तू मेहनत करतोस तेपण माहीत आहे. तो त्रास का होतो ते शोधायला आपण त्या मॅडमकडे जातो. काही सोपं असेल, काही मुद्दाम कठीण असेल, मोठ्या मुलांचंसुद्धा असेल, आलं नाही तर येत नाही म्हणायचं. मार्क नाहीत, शाळेत सांगणार नाहीत. मी बाहेर बाकावरच बसलेली असणार." तो म्हणाला, "आणि इंजेक्शन?" इंजेक्शन नाही म्हटल्यावर झोपला. ते "मोठ्या मुलांचंसुद्धा असेल" हे वाक्य जरूर सांगा, कारण टेस्टमधले बरेचसे भाग मूल अडेपर्यंत कठीण होतच जातात, आणि हे माहीत नसलेलं मूल प्रत्येक भागाच्या शेवटी हरल्यासारखं होऊन बसतं. आणि दोन-तीन वेळा यावं लागेल हेपण सांगून ठेवा, एका बैठकीत सहसा होत नाही.

वह्या आणि घरातलं बोलणं. फेअर वही नेऊच नका असं नाही, पण रफ वही न्याच. बाबूच्या फेअर वहीत मी शेजारी बसून लिहून घेतलेलं असायचं, त्यात काय दिसणार? रफ वहीत प्रार्थनाचं पार्थना, सूर्यचं सुय्र, भ आणि म कुठेही एकमेकांच्या जागी, आणि एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी. त्याच्यावर शाळेतला लाल शेरा, "निष्काळजीपणा". मॅडमनी ती पानं बघताना विचारलं, हा शब्द त्याला तोंडी विचारला तर नीट म्हणतो ना? म्हणतो. मग निष्काळजी कसा झाला तो?

घरातलंही सांगा, सगळं. बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागला, कान फुटायचा का, शाळा बदलली का, घरात कोण गेलं. आमच्याकडे बाबूचे बाबा बोटीवर असतात, आठ-नऊ महिने घरी नाहीत, तेपण मी सांगितलं, कारण मुलाचं मन कुठे अडकलंय ते कळल्याशिवाय अभ्यासातलं कळत नाही. आणि वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते, म्हणून मॅडमनी विचारलं, तुमच्यापैकी कोणाला असं होतं का? मी नाही म्हटलं. रात्री ह्यांचा बोटीवरून फोन आला तेव्हा सहज बोलले मी, तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "अगं मी पण तसाच होतो, मी अजून कागद दोनदा वाचतो." लग्नाला बारा वर्षं झाली होती, मला माहीत नव्हतं. ती एक गोष्ट झाकली असती तर मॅडमना अर्धंच चित्र दिसलं असतं.

आयक्यू नॉर्मल म्हणजे आळशी, हे तर उलटंच लिहिलंय. लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात तीच मुळी बुद्धी ठीक असून वाचन, लेखन किंवा गणित मागे पडतं तेव्हा. म्हणून आयक्यू आधी करतात, आणि मग वाचन-लेखन-गणिताची वेगळी टेस्ट, त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने बनवलेली बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, पुष्कळ ठिकाणी वापरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया, म्हणजे वाचनाची, लेखनाची नि गणिताची अडचण, नावानिशी आहेत, आणि अशा मुलांना लवकरात लवकर ओळखून मदत करणं हे त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळांचं काम म्हणून लिहिलंय. आळशी हा शब्द कुठल्याच टेस्टमधून निघत नाही.

आता मराठी मीडियमचा मुद्दा, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण गोव्यात हाच सगळ्यात जास्त फसवतो. आपल्या मुलांचं बघा, घरी कोंकणी, प्रायमरी मराठीतून, आणि पाचवीला गेलं की सगळं एकदम इंग्लिशमधून. पाचवी-सहावीत पुष्कळ मुलं गडबडतात आणि ती सवयीने सावरतात, हे खरं. त्यामुळे सगळेच म्हणतात, इंग्लिशमुळे हो, होईल ठीक. पण बाबू चौथीत होता, तेव्हा इंग्लिश हा फक्त एक विषय होता. त्याच्या चुका मराठीत होत्या. बालभारतीचा धडा त्याच्या आजीने वाचून दाखवला की तो अक्खा धडा कोंकणीतून परत सांगायचा, मधले संवादसुद्धा, आणि तोच धडा स्वतः वाचायला घेतला की दुसऱ्या ओळीवर बोट थांबायचं. घरी हेच बघा. ऐकलेलं नीट समजतं, सांगता येतं, पण पहिल्यापासून शिकलेल्या लिपीत वाचताना-लिहिताना अडतं, तर इंग्लिशला दोष देऊन वर्षं घालवू नका. उलट मराठी घडाघडा वाचणारं मूल पाचवीनंतर फक्त इंग्लिशला अडत असेल तर आधी इंग्लिशच नीट शिकवून बघावं लागेल.

देवनागरी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, मग त्यात कसली अडचण, असंही लोक म्हणतात. अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात हे खरं, म्हणून अशी मुलं हळूहळू बरोबर वाचायला शिकतातही, पण वेग येत नाही, एकेक अक्षर लावत बसतात आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतात. त्यात ऱ्हस्व इकार बघा, लिहायचा अक्षराच्या आधी आणि बोलायचा नंतर. र कधी डोक्यावर, कधी पायाशी. आपल्याला सवय झाली म्हणून दिसत नाही.

भाषेची एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आमच्या मॅडमनी पहिल्या फोनवरच विचारलं होतं, आजीशी कुठल्या भाषेत बोलतो, मित्रांशी कुठल्या, स्वप्नात बडबडतो कुठल्या. शब्दांचे अर्थ विचारले तेव्हा बाबूने निम्मी उत्तरं कोंकणीतून दिली आणि त्यांनी ती धरली, कारण त्यांना कोंकणी येत होती. फक्त इंग्लिश नि हिंदी येणाऱ्या माणसासमोर हाच मुलगा मंद ठरला असता. म्हणून तुमच्या मुलाची भाषा समजणारा माणूस शोधा, लांब जावं लागलं तरी. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारायला लाजू नका.

शेवटचं, रिपोर्ट जन्मभर मागे लागतो. रिपोर्ट तुमच्या हातात मिळतो, शाळेला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचा रकाना नसतो. सवलतींसाठी लागणारं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट, ते सरकारी यंत्रणेकडून घ्यावं लागतं आणि ते मागायचं की नाही हेपण तुमच्याच हातात. त्यासाठी बांबोळीला जावं लागलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आयपीएचबीचं, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयाचं, नाव काढलं की आवाज खाली जातो, माझ्या सासूबाईपण म्हणाल्या होत्या, कोणाला कळता कामा नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे ना, कांदोळीचा माणूस, दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मनाचं, म्हणजे संमोहनाचं, काम करून नाव काढलं त्याने, त्याचा पुतळा आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो आणि मुलाला मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर लपवतो.

सर्टिफिकेटने काय मिळतं, तर लेखी परीक्षेत जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला २० मिनिटं धरलीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गोवा बोर्डातही विशेष गरजा असलेल्या मुलांना सवलती आहेत, तुमच्या मुलाला त्यातलं काय लागू होतं ते हेडमास्तरांना नववीच्या सुरुवातीलाच विचारा, दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नका. आणि आठ वर्षांच्या आधी पक्कं निदान सहसा देत नाहीत, तेव्हा पहिलीतल्या मुलाला "लक्ष ठेवूया, हे व्यायाम करून घ्या" एवढंच सांगितलं तर फसवलं असं समजू नका.

रिपोर्ट घेताना मॅडमसमोर बसून पान पान समजून घ्या, घरी काय करायचं आणि शाळेने काय करायचं ते वेगवेगळं लिहून मागा. चार-पाच झेरॉक्स काढा. ओरिजिनल कोणालाही देऊ नका, शाळेलासुद्धा नाही.