घोडी नाचस का?

कापसाच्या पऱ्हाटीत उताण्या पडलेल्या माणसाला काय विचारू नये, याचे काही संकेत आमच्या शहादा भागात अजून ठरायचे आहेत.

आमच्या काठेवाडी घोडीला उडीचं वावडं नाही. तिची घाई उडीच्या आधीची. आडवा बांबू दिसला की बाईसाहेब दुडकी चाल सोडतात आणि वसुलीवाला मागे लागल्यासारख्या सुटतात. परवा ती बांबूपलीकडे गेली, मीही गेलो, पण वेगळा. वाळल्या बोंडांची टोकं कुठे कुठे टोचली ते घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

डोळे उघडले तर वर आप्पांची पांढरी टोपी.

"काय भाऊ, पडना का?"

"हो."

"घोडी नाचस का?"

आप्पा माझ्या उशाशी उकिडवे बसले. हातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने सावकाश मळली, थाप मारली. ती सगळी धूळ माझ्या डोळ्यांत. "आमना पोऱ्यानं लगीन शे, मे महिनामा."

नाचत नाही म्हणालो. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मंग उडी काब्र मारस?"

मग उडी कशाला, याला उत्तर नाही. आमच्याकडे घोड्याने नाचावं, एवढीच अपेक्षा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोडे बाजार भरतो तेव्हा लोक काय बघतात? कानांची टोकं एकमेकांना टेकतात का, गळ्याला देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, आहे का, बाकीचे भोवरे कुठे पडलेत. सौदे लाखांत जातात. एवढा पैसा ओतणारा एक माणूस विचारेल तर शपथ, की बांबू बघून जनावर बिथरतं का. विचारलं मीही नव्हतं म्हणा, पण मला कान आवडले होते.

आप्पांचं डोकं तोवर पुढे गेलं होतं. "पयस मस्त पन!" म्हणजे पळते मस्त. त्यांच्या भाऊबंदकीतली वरात म्हणे मारुतीच्या पारापासून दोन-दोन तास हलत नाही. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, मंगलाष्टकं चारला, आणि तोवर वरणावर साय. अशी घोडी असली तर नवरदेव थेट मांडवात.

"घोडी मांडवात जाईल आप्पा. नवरदेव पारावरच राहील."

त्यांनी यावर मनापासून विचार केला. "मंग भाडं कमी व्हई ना?"

मी उठून बसलो, पाठ झटकली, आणि उगाचच त्यांना समजावायला गेलो. घाई करणारी घोडी शूर नसते. बहुतेकदा घाबरलेली असते, समोरचं संकट एकदाचं उरकून टाकायचं म्हणून पळते. आधी खोगीर पाठीला रुततंय का, दात टोचतायत का ते बघायचं, कारण दुखणाऱ्या पाठीचं जनावरही असंच पळतं. मग उडी विसरून जमिनीवर साडेचार-साडेचार फुटांवर बांबू मांडायचे, विटांनी पक्के अडकवायचे, नाहीतर खुराखाली गरगरतात. त्यावरून दुडक्या चालीने न्यायचं. चाल बिघडली की लांबूनच गोल फेरी घालायची, ठेका परत आला की पुन्हा यायचं. अगदी बांबूशी येऊन वळवलं तर ती चुकवायला शिकते. उडी छोटी ठेवून तिच्या नऊ फूट अलीकडे एक बांबू जमिनीवर टाकला, की पाऊल कुठे टाकायचं ते तिला आपोआप कळतं. लगाम खेचून धरली तर ती त्याच लगामीवर रेलून आणखी जोरात पळते.

आप्पांनी सगळं ऐकलं, पिंक टाकली आणि म्हणाले, "काटानी लगाम लाव. तोंड फाटनं म्हंजे उभी ऱ्हास."

इथे मात्र माझी सटकली. काटेरी लगाम १९६५ च्या केंद्राच्या नियमांपासून बंद आहे, आणि तरी तोंडातून रक्त गळणारी घोडी वरातीत बघून आमच्यात कुणाचा घास अडकत नाही. नाचते ना, बस. निम्म्या वेळा तो नाच नसतोच, जिभेवरची टोचणी टाळायची धडपड असते, आणि त्यावर दहा-दहाच्या नोटा ओवाळल्या जातात. हे मी बरंच मोठ्याने बोललो. घोडी बांधावरचं गवत खात होती, तिने मानही वर केली नाही.

आप्पा शांतपणे उठले आणि आमच्या घराकडे निघाले. मी लंगडत पोचेपर्यंत ओसरीवर नानांसोबत त्यांचा चहा अर्धा झाला होता. नानांच्या बंडीच्या खिशातून इसाराच्या ५०१ रुपयांचं टोक दिसत होतं.

"नाना, ती वरातीची घोडी नाही."

"मेपर्यंत शिकव की. एवढे बांबू मांडतोस."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "शिकाडा, नका शिकाडू. घोडी धाडा, पन याले नका धाडू. आमले लगीन शे, दवाखाना नही."

नाना हसले. मला वाटतं जरा जास्तच हसले.