हसऱ्या सिस्टरलाही थकवा येतो

१२ मे, परिचारिका दिन जवळ आला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘थकवा कामाने नाही, नकारात्मक विचारांनी येतो. सेवा मानली की ओझं वाटत नाही. हसतमुख सिस्टरला बर्नआउट होत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने कधी तक्रार केली होती का?’ धुळे जिल्ह्यात मेडिकल वॉर्डात सतरा वर्षं काढलीत, म्हणून एकेक वाक्य धरून बोलते.

थकवा कामाने येत नाही म्हणे. मे महिन्यातली रात्र घ्या. ऊन लागून आलेले मजूर, ४० खाटा भरलेल्या, सिस्टर एक. इंजेक्शन नीट द्यायचं तर नाव विचारा, केसपेपर बघा, हात धुवा, औषध भरा, इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, जागेवर आहे ना पाहा, नोंद करा. एका पेशंटला पाच मिनिटं. ४० जणांना २०० मिनिटं. दहाची इंजेक्शनं संपायला एक वाजून वीस मिनिटं होतात, तेही मधे कुणी ‘सिस्टर, सलाईन सरी गयी वं!’ अशी हाक मारली नाही तर. हा हिशेब विचार बदलून बदलत नाही.

सेवा मी मानतेच. तरी सलग पाचव्या रात्री अँपूलवरची बारीक अक्षरं दोन-दोन दिसतात.

बर्नआउट हा स्वभावाचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या जागतिक यादीत त्याची नोंद केली ती कामाशी जोडूनच: कामाचा ताण सतत राहिला, आटोक्यात आला नाही, की बळ सरतं, कामावरून मन उडतं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटतं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांत दिसलं ते असं: नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. म्हणजे किंमत पेशंटही मोजतो.

आणि नाइटिंगेलबाई? त्यांनी तक्रारीच केल्या. क्रिमियाच्या युद्धात सामानासाठी, स्वच्छतेसाठी भांडल्या; पुढे सैनिकांच्या मृत्यूंचे तक्ते काढून सरकारपुढे मांडले. नर्सिंगच्या शपथेच्या दिवशी त्यांची आठवण म्हणून आमच्या हातात दिवा दिला होता. तो तक्ता मला कुणी दाखवला नाही.

आशा धरणं वाईट असं मी म्हणत नाही. नवी मुलगी पहिल्यांदा बाळ दगावताना पाहते, तेव्हा ‘तू करायचं ते सगळं केलंस’ एवढं कुणीतरी म्हणावंच लागतं. जे हातात नाही तिथे मनच सावरायचं. पण रजेवरच्या सिस्टरची जागा भरणं हे कुणाच्या तरी हातात असतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पंधरा दिवस वहीत लिहिलं: पेशंट किती, सिस्टर किती, दहाची इंजेक्शनं किती वाजता संपली. वही घेऊन मेट्रन मॅडमकडे गेलो. जूनमध्ये रात्रीला दुसरी सिस्टर मिळाली. पहिल्याच रात्री पहाटे चारला दोघींनी बसून चहा घेतला, आणि तो गरम होता.