कुर्त्यातलं डिझेल

आमच्या मामांच्या जीपचा डिझेलचा काटा गेली कित्येक वर्षं अर्ध्यावर आहे. टाकी फुल असली तरी अर्ध्यावर, खडखडीत असली तरी अर्ध्यावर. मामा म्हणतात काट्याकडे काय बघायचं, गाडी स्वतः सांगते ना. तर या मे महिन्यात गाडीने एकदाचं सांगितलं, आणि सांगितलं कुठे, तर मांगलियाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मांगलिया म्हणजे इंदूरहून देवासला जाताना लागतं ते गाव, तिथे पेट्रोल-डिझेलचे मोठमोठे डेपो आहेत आणि बाहेर टँकरच्या लाइनी लागलेल्या असतात. म्हणजे चारी बाजूंना डिझेलच डिझेल आणि आमच्या टाकीत टिपूस नाही. देवासला मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा, मुहूर्त साडेअकराचा, घड्याळात दहा वाजून गेलेले, आणि मी अंगात महेश्वरी कापडाचा नवाकोरा कुर्ता घालून रस्त्याच्या कडेला उभा. हा कुर्ता दिवाळीला सासुरवाडीहून आला होता आणि सहा महिने कपाटात जपून ठेवला होता, "चांगल्या कार्याला" घालायचा म्हणून.

मामांनी कुणाच्या तरी बाइकवर बसून कॅन भरून डिझेल आणलं, टाकीत ओतलं, आणि मला वाटलं संपलं झंझट. पण पेट्रोलच्या गाडीसारखं डिझेलच्या जुन्या गाडीचं नसतं हो. टाकी एकदा कोरडी पडली की पाइपात हवा शिरते आणि मग तुम्ही कितीही डिझेल ओता, ते पुढे इंजिनापर्यंत पोचतच नाही. याला म्हणायचं गाडीने एअर धरली. मग फिल्टरवरचा एक नट ढिला करायचा आणि शेजारचा छोटा हातपंप दाबत राहायचं, आधी नुसता फुसफुस आवाज येतो, मग फेस येतो, बुडबुडे येतात, आणि बुडबुडे थांबून स्वच्छ धार आली की नट लगेच आवळायचा. मामांच्या हातात पाना होता आणि पंपावर मी होतो.

"मार रे पम्या, जोरात मार," मामा म्हणाले. मी मारला. फेस आला. अजून मारला. आता कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं की धार आली की थांबायचं असतं, पण तेवढ्यात मामांना देवासहून फोन आला, "कुठपर्यंत आलात?" आणि मामा एका हाताने फोन धरून "हे काय, आलोच, क्षिप्रा ओलांडली" असं धडधडीत खोटं बोलायला लागले, आणि मी इमानदारीने पंप मारत राहिलो. धार आली ती थेट माझ्या छातीवर. तिथून पोटावर, पँटवर आणि खाली पायांवर. मामांनी फोन ठेवला, नट आवळला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एअर निघाली."

साखरपुड्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण आठवलं की अजून घाम फुटतो. मी हॉलमध्ये शिरलो आणि पाच मिनिटांत मागे भटारखान्यात कुणीतरी ओरडलं की गॅस लीक होतोय. आचाऱ्याने सिलेंडर बंद केले, पुऱ्या अर्ध्या तळून तशाच राहिल्या, सगळे पुरुष वाकून वाकून रेग्युलेटर हुंगायला लागले, आणि मीही त्यांच्यात. खरं तर गॅसचा वास आणि डिझेलचा वास यात काडीचाही संबंध नाही, गॅसला स्वतःचा वासच नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मी काही बोललो नाही. मी जवळ गेलो की वास वाढायचा आणि लांब गेलो की कमी व्हायचा, हे एका मावशीच्या लक्षात यायला लागलं तसा मी हळूच पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. माझं पान मामांनी तिकडेच आणून दिलं.

संध्याकाळी घरी. आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. दारातच बायको म्हणाली, "अहो, आत येऊ नका." व्हरांड्यातच कपडे उतरवले, कोल्हापुरी तिने उचलून आत रॅकमध्ये ठेवल्या कारण बाहेर ठेवल्या तर गल्लीतला काळू नेतो, आत्तापर्यंत आमच्या चार जोड्या नेल्यात त्याने, तेही नेमक्या एकेका पायाच्या. मी कपडे सरळ मशीनमध्ये टाकायला निघालो तर तिने मशीनचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात चक्क लिहिलं होतं की पेट्रोल वगैरे लागलेले कपडे मशीनमध्ये टाकू नका, वाफ साचून पेट घेऊ शकते, आणि ड्रायरमध्ये तर मुळीच नाही. लग्नाला १९ वर्षं झाली, मशीनचं पुस्तक कुणी वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं.

म्हणून पहिली रात्र कपडे गच्चीवर दोरीवर. आमचा अंदाज होता की वारं लागलं की उडून जाईल. पँटचं ठीक होतं, साधी कॉटनची, तिला कुणी विचारत नव्हतं. पण सकाळी कुर्ता हुंगला तर मांगलिया तसंच्या तसं. वरच्या मजल्यावर एक काका राहतात, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, ते गच्चीवर फिरायला आले आणि त्यांनी माझा क्लास घेतला. म्हणाले, पेट्रोल सांडलं असतं तर निम्मं एव्हाना उडालं असतं, पेट्रोल ३५-४० डिग्रीपासूनच उकळायला लागतं, पण डिझेल जड, ते साधारण १८० च्या पुढे ३५०-३६० पर्यंत, ते उडणार कशाला, ते तेल आहे, धाग्यात मुरून बसतं. मी म्हटलं, काका, पण आता गाड्यांच्या धुराचा तो बीएस-६ नियम आलाय ना २०२० पासून, डिझेल स्वच्छ झालंय म्हणतात. तर म्हणाले, "अरे गंधक कमी झालंय, ५० चं १० पीपीएम झालं, धुरासाठी. तुझ्या कुर्त्यासाठी नाही."

मग उपाय सुरू झाले. आईचा फोन आला रामबागेतून, "बेसन लाव रे, तेल ओढून घेतं." आता इंदूरमध्ये बेसन कपड्याला लावायचं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. इथे पोह्यांवर शेव, पराठ्याबरोबर शेव, शेव संपली तर शेवेची भाजी, आणि त्या बेसनाच्या दोन वाट्या मी कुर्त्यावर थापल्या. रात्रभर ठेवलं, सकाळी झटकलं. खोटं कशाला बोलू, थोडा फरक पडला, वरवरचं तेल खरंच ओढलं गेलं. पण आता वास आला तो डिझेलमध्ये तळलेल्या शेवेचा.

दुसऱ्या दिवशी पुण्याची वहिनी फोनवर. ती दरवेळी आमच्या मराठीला हसते. "रॉकेल का?" म्हणाली. मी म्हटलं नाही, घासलेट नाही, डिझेल. "घासलेट!" करून ती दोन मिनिटं हसली आणि मग म्हणाली की खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओत, मी व्हिडिओ बघितलाय. ओतलं. काय फेस आला, वा! बादली उतू गेली, पोरं टाळ्या वाजवायला लागली. काका पुन्हा खाली आले (त्यांना बहुतेक वरून वास येत होता) आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, उरलं काय तर मिठासारखं पाणी, वेगवेगळं वापरलं असतं तर काही तरी झालं असतं. आणि कुर्त्यात सिल्क आहे ना? मग सोडा आणि गरम पाणी दोन्हीपासून लांब ठेव. महेश्वरीत रेशीम असतं हे मला अर्थात माहीत होतं, पण फेस बघताना विसरलो.

मेव्हण्याने धूप घालायला सांगितलं, कपड्याखाली निखारे आणि लोबान. बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. डिझेल पेट्रोलसारखं चटकन भडकत नाही हे खरं, पण डिझेलने भिजलेलं कापड म्हणजे वातच झाली की, आणि मी ती निखाऱ्यांवर धरणार होतो. तिच्या भावाने सुचवलेलं म्हणून मी फार काही बोललो नाही. नंतर बोललो.

शेवटी ड्रायक्लीनवाला. नाव कशाला, गल्लीतलाच आहे. दुकानावर मोठ्या अक्षरात पाटी, "पेट्रोल वॉश". मी कुर्ता काउंटरवर ठेवला. त्याने उचलला, नाकाजवळ नेला आणि परत ठेवला.

"भिया, ये नी लेंगे."

"क्यों?"

"डीजल है इसमें. मशीन में डाला तो बाकी सब कपड़ों में बास आ जाएगी."

मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, तुम खुद पेट्रोल से धोते हो! तर तो शांतपणे म्हणाला, "वो अलग रहता है भिया." आणि बरोबरच बोलला तो, नंतर काकांनी सांगितलं. पूर्वी खरंच पेट्रोलसारख्या द्रवांनी कपडे धुवायचे म्हणून नाव राहिलं, आता टर्पेंटाइनसारखं शुद्ध केलेलं सॉल्व्हंट वापरतात, कपड्यात काही मागे ठेवत नाही. म्हणजे ज्या खानदानातून डाग आला त्याच खानदानातलं कुणीतरी तो काढतं. पण आमच्या कुर्त्याला त्या खानदानाने जवळ केलं नाही.

मग जे जमलं ते फार साधं होतं, सांगायलाही लाज वाटते. भांडी घासायचं लिक्विड. वास कशात आहे, तेलात. तेल कशाने सुटतं, ज्याने कढई घासतो त्याने. कोमट पाण्यात थोडंसं लिक्विड, अर्धा तास बुडवून ठेवला, चोळला नाही, हळूच दाबला, मग चार-पाच पाण्यांतून काढला. शेवटी आईने पाठवलेले रिठे रात्रभर भिजवून त्याच्या पाण्यातून एकदा, कारण रेशमाला रिठ्याइतकं सौम्य काही नाही, आमच्या आजीपासूनचे शालू त्यातच धुतले गेलेत. पिळायचा नाही, सावलीत टांगायचा. डिझेल पुसलेली फडकी टाकायची तर तिथेही नाटक. आमचं गाव २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं, कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे, आणि गाडीवाला भैया फडकं हातात घेऊन विचारतो, "ये कौन से में?" मी म्हटलं सूखा. त्याने हुंगलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप घातक कचऱ्याच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

पाचव्या दिवशी मला वाटलं वास गेला. बायकोला वाटलं आहे. मला पुन्हा वाटलं आहे. नाकाची गंमत अशी की एकच वास सारखा घेत राहिलं की ते कामच करत नाही, आणि आम्ही दोघं पाच दिवस दर तासाला कुर्ता हुंगत होतो, त्यामुळे आमच्या नाकांची साक्ष कोर्टात टिकली नसती. घरात मात्र वास होता, बाहेरून आलं की पहिला झटका यायचाच. म्हणून कुर्ता परत धुतला. आणि परत. रंग जरा उतरला. बायको गप्प झाली, ते जास्त वाईट.

तेव्हा बाजूच्या आजींना बोलावलं. वय ८२, कानांनी कमी ऐकू येतं, पण नाक असं की आमच्याकडे आमटीला फोडणी बसली की भिंतीपलीकडून हिंग कमी पडला हे सांगतात. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, कुर्ता हातात घेतला, कॉलर, काखा, पुढची पट्टी, सगळं नीट हुंगलं. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

"याला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "रिठ्याचा वास येतोय. चांगला धुतलाय कुणीतरी."

"आजी, डिझेल?"

"याला नाही." मग त्या उठल्या, काठी टेकत टेकत पॅसेजमध्ये गेल्या, डावीकडे वळल्या, रॅकसमोर थांबल्या आणि काठीचं टोक खालच्या फळीवर टेकवलं. "याला."

कोल्हापुरी! त्या दिवशी धार पायांवर पण आली होती ना. पाच दिवस आम्ही कुर्ता धूत होतो आणि डिझेल प्यायलेल्या चपला घरात, बंद रॅकमध्ये, बाकीच्या सगळ्या चपलांना तेच शिकवत होत्या. पोरांच्या शाळेच्या बुटांनाही आता वास येतोय.

चामडं काय पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून त्यावर कोरडा सोडा भुरभुरलाय, वर रद्दी ठासलीय आणि त्या बाहेर गेटच्या भिंतीवर ठेवल्यात. आज सकाळी काळू आला. लांबूनच चपला बघून त्याच्या डोळ्यांत चमक आली, भिंतीवर पुढचे पाय टाकले, एक चपल तोंडात धरायला तोंड पुढे केलं, हुंगली, एकदा जोरात शिंकला आणि समोरच्यांच्या गेटकडे निघून गेला.