नळी काढल्याने बूस्टचा दोष सुटत नाही, इंजिन मात्र जाते

फोंड्याच्या माझ्या भाच्याने परवा एक फिरता संदेश पाठवून विचारले, "मामा, हे करून बघू?" संदेशाचा सारांश असा: रिमॅप केलेल्या (ताकद वाढवायला संगणकाची प्रणाली बदललेल्या) टर्बो गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, कमी पडत असेल, तर वेस्टगेट ॲक्च्युएटरची नळी काढून टाकावी, ॲक्च्युएटरचा रॉड चार आटे आवळावा, फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) एक्झॉस्ट बसवावा आणि चेक इंजिनचा दिवा लागला तरी लक्ष देऊ नये. त्याने काही करण्याआधी विचारले, हे नशीब.

नळीचा सल्ला सर्वांत घातक आहे. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू टर्बो फिरवणाऱ्या टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. भाच्याच्या पेट्रोल गाडीत आहे तशा साध्या ॲक्च्युएटरमध्ये, म्हणजे झडप हलवणाऱ्या भागात, स्प्रिंग ही झडप बंद धरते आणि कॉम्प्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाकडून) त्या नळीतून येणारा दाबच ती उघडतो. नळी काढली की झडप उघडायला काही उरतच नाही. चोर्ला घाटाच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच बूस्ट मर्यादेपलीकडे चढतो, टर्बो झेपेल त्याहून वेगाने फिरतो, नॉकिंग (इंधनाचे अवेळी, ठोके देत पेटणे) सुरू होते आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटू शकतात. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, वेळीच थ्रॉटल (हवेची झडप) मिटवला तर इंजिन वाचते, पण बसलेल्या झटक्याला चालक 'बूस्ट पडला' समजतो आणि आणखी आवळाआवळ करतो.

रॉडच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. प्रीलोड, म्हणजे रॉडने स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सैल असेल तर झडप लवकर उघडते आणि बूस्ट कमी पडतो. परंतु तो हँडपंप आणि गेज लावून मोजायचा असतो, आटे मोजून नव्हे. फ्री-फ्लो एक्झॉस्टने तर उलटाच त्रास होऊ शकतो: वेस्टगेटचे भोक अपुरे पडले, तर झडप पूर्ण उघडी असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट चढतच राहतो.

दिव्याविषयी एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे J2012 हे दोष-कोडांचे मानक पुरेसे आहे. त्यात पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी आणि पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त. दोन्ही दोषांत दिवा तोच लागतो आणि उपाय परस्परविरुद्ध असतात, म्हणून कोड वाचल्याशिवाय पाना उचलू नये.

भाच्याच्या गाडीत पी ०२९९ निघाला. सोलेनॉइड (ईसीयूच्या हुकमाने नळीतला दाब कमी-जास्त करणारी विद्युत झडप) वगळून ॲक्च्युएटरची नळी थेट कॉम्प्रेसरला जोडली, तरी बूस्ट स्प्रिंगच्या दाबापर्यंतही पोहोचेना. म्हणजे दोष सोलेनॉइडचा किंवा रिमॅपचा नव्हता, एक तर हवा गळत होती किंवा झडप उघडी अडकली होती. स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी, करताच इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या होजपाशी, जिथे तेलाचा ओला डाग आधीपासून दिसत होता, तिथून धूर निघाला. पावसाळ्यात गंजून सैल झालेला क्लॅम्प बदलला, आणि रॉडला हातही न लावता बूस्ट पूर्ववत झाला.