नंदी पाषाणाचा, पोट रद्दीचं

नाशिकच्या कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येतून सुटायची वाट नंदीनेच दाखवली, म्हणून देवाने त्याला गुरू मानलं. गुरूला समोर कसं बसवणार? ही कथा मला वेळेवर आठवली असती तर बरं झालं असतं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की पार्किंगमधल्या छोट्या देवळापुढे नंदी हवा आणि दगडाचा परवडत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो की. कागदाचा. कुणी ओळखणार नाही."

थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी, म्हणून कागद. आत कोंबडीजाळीचा सांगाडा, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि सगळ्यात वर लगद्याची पातळ साल. लगदा मी मिक्सरमध्ये काढला. त्या दिवसापासून आमच्याकडे चटणी खलबत्त्यात होते आणि कुटायला मी असतो.

रंगासाठी काळारामाच्या मंदिरात भिंतीला नाक लावून तासभर उभा राहिलो. रामशेजच्या डोंगरातून आणलेला तो काळा दगड जवळून बघितला तर काळा नसतोच! राखाडी असतो, मध्येच विटकरी, सांध्यात हिरवट. घरी येऊन जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवले. ओल्या लगद्यात मोहरीचे दाणे दाबले आणि सुकल्यावर एकेक टोकरून काढले. आपल्याकडच्या दगडाला असतात तशी बारीक भोकं पडली. शिंगांना, पाठीला बोटभर खोबरेल लावलं, शंभर वर्षं लोकांचे हात लागल्यासारखं. वॉर्निश मात्र मारलं नाही. चकाकी आली की दगडाचं प्लास्टिक दिसतं.

पांडवलेण्यांत अठरा नंबरच्या लेण्याचा दर्शनी भाग बघा, दगडात लाकूडकामाची हुबेहूब नक्कल कोरलीय. त्या कारागिरांनी दगडाचं लाकूड केलं, मी रद्दीचा दगड केला. फक्त त्यांच्या कामाला पाण्याची भीती नव्हती.

पहाटे पाचला नंदी काखेत मारून जिना उतरलो. वॉचमनने पाहिलं. तेव्हापासून तो मला बघून उठून उभा राहतो. मीटिंगला कधीही न फिरकणाऱ्या ए विंगमधल्या एका गृहस्थांनी लेखी तक्रार दिली, की पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे, एवढ्या वजनाने स्लॅब खचेल. तो कागद मी जपून ठेवलाय. इतकं मनापासून कौतुक माझं आजवर कुणी केलेलं नाही.

मग आला श्रावणी सोमवार. बी विंगच्या आजींनी पिंडीवर पाणी घातलं आणि उरलेला अख्खा तांब्या नंदीच्या पाठीवर. "आजी, नको!" म्हणेपर्यंत दुसरा तांब्या झाला होता. पाठ फुगली. तासाभरात साल सुटून खाली आली आणि आतली पट्टी उघडी पडली.

"अगंबाई, नंदीच्या पाठीवर अक्षरं उमटली!" आजींनी हात जोडले, मग चष्मा लावला. आम्ही आठदहाजण श्वास रोखून उभे.

"कांदाचाळ... विकणे आहे," आजींनी वाचलं. "पिंपळगावजवळ. अरे, आमच्या धाकट्याला हवीच आहे. पण फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे काही दिसत नाहीत." आणि तांब्या उचलून मला म्हणाल्या, "अजून थोडं घालू का रे पाणी?"